एकच बाई, साडेसहा दशकं : बॅरी हम्फ्रीज आणि डेम एडना

तिसरी घंटा
धागा 'नाटक-सिनेमा'त टाकतोय, चुकीच्या जागी असेल तर ॲडमिननी हलवावा.

बॅरी हम्फ्रीज हे नाव इथे किती जणांना ठाऊक आहे? ऑस्ट्रेलियाचा विनोदी लेखक आणि नट. जन्म फेब्रुवारी १९३४, मेलबर्न. गेला एप्रिल २०२३ मध्ये, सिडनीत, ८९ व्या वर्षी. डिसेंबर १९५५ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या युनियन थिएटरात त्याने एका छोट्या प्रहसनात मिसेस एडना एव्हरेज ही गृहिणी उभी केली. मूनी पाँड्स उपनगरात राहणारी, नवरा नॉर्म, घर चकाचक, डोकं बंद. पुढच्या वर्षी शहरात ऑलिंपिक होतं, हॉटेलं पुरणार नव्हती, म्हणून लोकांनी घरात पाहुणे ठेवावेत असं आवाहन झालेलं. ही बाई आपली खोली द्यायला कचेरीत येते, आणि कुठल्या कुठल्या देशाचा माणूस चालणार नाही ते सांगत सुटते. एवढंच प्रहसन.

ती बाई नंतर रंगमंचावरून उतरलीच नाही. डेम (म्हणजे बायकांचा 'सर' किताब) झाली, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेली, तिने टीव्हीवर मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या.

माझा प्रश्न स्वार्थी आहे. मी हौशी एकपात्री करतो. माझा एक सोसायटीचा सेक्रेटरी आहे, गणपतीत आणि स्नेहसंमेलनांत चालतो. पण हल्ली लोक वाक्य संपायच्या आधीच हसतात. सुरुवातीला बरं वाटायचं, आता ते सवयीचं हसू वाटतं. पात्र इतकी वर्षं ताजं राहतं ते कशाच्या जोरावर? लिखाणाच्या, नटाच्या, की प्रेक्षकाला ओळखीचंच हवं असतं म्हणून?

आगाऊ कार्टं
रुमाल (जागा धरून ठेवतोय, सविस्तर नंतर).

तूर्त एक सूचना : सेक्रेटरीला प्रयोगात मेंटेनन्स वाढवल्याचं जाहीर करायला लावा. हसू तिथल्या तिथे थांबेल.

पाऊसवेडी
मला नाव माहीत नव्हतं, पण शोधलं तर कळलं की 'फाइंडिंग नीमो'मधल्या ब्रूस शार्कचा आवाज ह्याचाच! तोच तो, मासे खाणं सोडायची शपथ घेतलेला आणि रक्ताचा वास येताच शपथ विसरणारा. आमच्या घरी त्या सीनची पारायणं झाली आहेत. शिवाय 'हॉबिट'च्या पहिल्या भागातला तो गळ्याला लोंबती पोळी असलेला गॉब्लिन राजाही हाच. म्हणजे आपण सगळ्यांनी ह्याला ऐकलंय, पाहिलेलं मात्र नाही.

यारातीर
मेलबर्नमधून लिहितोय, तर माझंही थोडं.

इथे येऊन राहिल्याशिवाय एडना अर्धीच कळते असं माझं मत. ती जिथली, ते मूनी पाँड्स आज कॅफे, अपार्टमेंट्स आणि महागड्या घरांचं ठिकाण आहे. पन्नासच्या दशकात ते सरळसाधं, साधारण कमाईवाल्यांचं उपनगर होतं. हम्फ्रीज स्वतः तिथला नव्हेच. तो कॅम्बरवेलचा. वडील बिल्डर, धंदा उत्तम, शाळा मेलबर्न ग्रामर, म्हणजे इथल्या बड्या घरातल्या मुलांची.

पात्र जन्मलं ते दौऱ्याच्या बसमध्ये. युनियन थिएटरची मंडळी शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' घेऊन व्हिक्टोरियातल्या गावोगावी फिरत होती, ह्याच्याकडे ड्यूक ऑर्सिनोचं काम. प्रत्येक गावात प्रयोगानंतर तिथल्या बायका खाणंपिणं मांडायच्या आणि त्यातली एक जण आभाराचं भाषण करायची. पुढच्या गावाला जाताना बसमध्ये हा मागच्या सीटवरून बारीक आवाजात तेच भाषण करायचा. रे लॉलर ह्या नाटककाराने ते ऐकलं आणि ख्रिसमसच्या कार्यक्रमासाठी लिहून काढायला सांगितलं. ज्यांनी दौरे केलेत त्यांना ठाऊक असेल, नाटकापेक्षा भारी नाटक बसमध्ये होतं.

तिसरी घंटा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : त्याने पात्र ताजं ठेवलं नाही, त्याने पात्राला बढती देत नेली. पहिली एडना बुजरी होती. साधा कोट, टोपी, साधे केस, आणि तोंडात फक्त आपलं घर. गालिचा कुठला, भिंतीचा रंग कुठला, पाहुण्यांना कोणत्या बशीत केक दिला. जांभळे केस, पंखांसारखा चष्मा, चमचमते झगे हे सगळं नंतरचं. १९७४ च्या एका सिनेमात खुद्द पंतप्रधान गॉफ व्हिटलम ह्यांनी पडद्यावर तिला 'डेम' करून टाकलं आणि तिथून ती गृहिणी उरलीच नाही. १९७६ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरातल्या प्रयोगाचं नाव होतं 'हाउसवाइफ, सुपरस्टार!' पुढे सुपरस्टारची मेगास्टार, मेगास्टारची गिगास्टार. आधी तो उपनगरातल्या बाईची चेष्टा करत होता, नंतर प्रसिद्ध लोकांची. बाई तीच, टीकेचा नेम दुसरीकडे.

वाचनखुणा
यारातीर, उत्तम प्रतिसाद. बढतीचं पटलं.

त्याचं 'मोअर प्लीज' (१९९२) हे आत्मचरित्र मी वाचलंय. त्याला आत्मचरित्रांसाठीचं ॲकरली पारितोषिकही मिळालं होतं. त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. मुलगा शाळेतून घरी येतो तर त्याची पुस्तकं गायब. आईने सॅल्व्हेशन आर्मी ह्या धर्मादाय संस्थेच्या माणसाला देऊन टाकलेली असतात. हा रडकुंडीला येतो, तर आईला कळेना ह्यात एवढं काय झालं. वाचून झाली होती की ती! ह्या माणसाने पुढे जन्मभर दुर्मीळ पुस्तकं गोळा केली, हजारोंनी. तो स्वतःच लिहितो की आपण तीच हरवलेली पुस्तकं शोधत राहिलो.

एडना मला ह्या आईशिवाय समजत नाही. मायाळू आवाजात, हसत हसत, समोरच्याचं काळीज काढून रद्दीत घालणारी. तिला आपण क्रूर आहोत हे माहीतच नाही, आपण किती प्रेमळ अशीच तिची समजूत. अशी बाई शिळी कशी होईल? प्रत्येक घरात दर पिढीला नवी तयार होते.

सुलभामावशी
वाचनखुणा, आमच्या सासूबाईंनी माझी 'स्त्री' मासिकाची बांधून ठेवलेली वर्षं अशीच दिली होती रद्दीत. किलोवर. वर भाव चांगला आला म्हणून कौतुक. मी नाही झाले हो मेगास्टार.

आगाऊ कार्टं
मावशी, अजून वेळ गेलेली नाही. जांभळा रंग मी आणतो.

खडूसराव
सगळे इतके भारावलेत की कुणीतरी विरुद्ध बोलायलाच हवं.

यारातीर स्वतःच लिहितात की हा बड्या घरचा, बड्या शाळेतला. मग ह्याने आयुष्यभर केलं काय, तर साध्या उपनगरातल्या, कमी शिकलेल्या बाईच्या पडद्यांची आणि बशांची टर उडवली. ती बाई बिचारी जपून पैसे साठवून गालिचा घेते आणि विद्यापीठातली पोरं खो खो हसतात. आपल्याकडे दादरच्या मंडळींनी डोंबिवलीवर केलेले विनोद आठवा. त्याला आपण 'निरीक्षण' म्हणतो, पण ती शुद्ध मुजोरी असते.

आणि नंतर नेम बदलला म्हणे. प्रेक्षागृहात पुढच्या रांगेतल्या बाईला उभं करून तिच्या कपड्यांवर बोलणं ह्यात कुठला सेलिब्रिटी आला? तिकीट काढून आलेल्या माणसाचा अपमान, आणि तोही टाळ्या घेऊन.

रंगपट
खडूसरावांचा पहिला मुद्दा तिथल्या टीकाकारांनीही मांडलेला आहे, त्यात तथ्य आहेच. पण मग सँडी स्टोन कुठे बसवायचा?

एडनाच्या पाठोपाठ, १९५८ च्या एका ध्वनिमुद्रिकेतून हा आला. म्हातारा, निवृत्त, ग्लेन आयरिसमधल्या गॅलिपोली क्रेसेंटवर राहणारा. रंगमंचावर ड्रेसिंग गाउन घालून, हातात गरम पाण्याची पिशवी धरून खुर्चीत बसतो आणि एका सुरात बोलत राहतो. आज काय केलं, बायको बेरिलने काय आणलं, गाडी कुठे लावली. विनोद जवळजवळ नाहीच. मूल नसलेलं जोडपं आहे हे असंच बोलता बोलता कळतं. पुढे हम्फ्रीजने त्याला मारलं, तरी तो येतच राहिला, भूत होऊन, त्याच गाउनमध्ये. मरणाने सुद्धा त्याच्या दिनक्रमात काही फरक पडत नाही. जॉन बेटजमनसारखा कवी हम्फ्रीजच्या ह्याच लिखाणावर लुब्ध होता. त्या वर्गाची नुसती टर उडवणाऱ्या माणसाला हे जमलं नसतं.

तिसरी घंटा, तुमच्या प्रश्नातली मजा इथे आहे. यारातीर म्हणतात पात्राला बढती दिली म्हणून टिकलं. सँडीला काहीच दिलं नाही, तो जागचा हललासुद्धा नाही, आणि तोही पन्नासहून जास्त वर्षं टिकला. म्हणजे बढतीचा नियम अपुरा पडतो.

अवांतर : कुणीतरी बालगंधर्वांचं नाव काढणार, म्हणून मीच काढतो. तुलना लागू नाही. गंधर्वांना पाहून बायका नेसणं आणि दागिने घालणं शिकायच्या, तिथे स्त्रीचं रूप हाच ध्यास होता. एडना ब्रिटिश पँटोमाइममधल्या 'डेम'च्या घराण्यातली. तिथे बाप्या झगा घालून येतो आणि तो बाप्याच आहे हे सगळ्यांना दिसत असतं. गंमत अशी की एडनाच्या बाबतीत लोक तेही विसरले. चर्चा व्हायची ती 'तिची'. ती स्वतः हम्फ्रीजला आपला मॅनेजर म्हणायची आणि तो कसा लबाड आहे ते सांगायची. १९८९ मध्ये तिचं आत्मचरित्र निघालं ते लेखिका म्हणून तिच्याच नावावर.

लंडनची पारू
मी पाहिलाय! प्रत्यक्ष! पॅलेडियमला, २०१३ च्या हिवाळ्यात, निरोपाच्या दौऱ्यात. ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन मैत्रिणीने ओढून नेलं. मला 'बाईच्या वेषातला बाप्या' ह्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

आमची तिकिटं वरची, स्वस्तातली. वरच्या माळ्यावरच्या प्रेक्षकांना ती 'पॉपर्स', म्हणजे कंगाल म्हणते, आणि अधूनमधून मान वर करून आमच्याकडे अशा काही करुणेने बघते की आपण खरोखरच अनाथाश्रमातून आलोय असं वाटावं. खाली पुढच्या रांगांतल्या बायकांशी गप्पा. नाव काय, राहता कुठे, घर कसं आहे, बेडरूमचा रंग कोणता, बाथरूमच्या फरश्या कशा. ती बाई आनंदाने सांगत जाते, आणि प्रत्येक उत्तरानंतर एडनाचा चेहरा. फक्त चेहरा. एखादी आत्या 'छान आहे हं साडी' म्हणून क्षणभर थांबते ना, तो चेहरा.

खडूसराव, अपमानाचं म्हणाल तर मी त्या बाईकडेच बघत होते. ती लाल होऊन हसत होती आणि मध्यंतरात लोक तिच्याशी बोलायला जात होते. पण तिच्या जागी मला बसायला आवडलं असतं का? नाही. वरचे कंगालच बरे.

शेवटी ग्लॅडिओलाय. ती टोपल्याच्या टोपल्या फुलं लोकांत भिरकावते, लांब दांड्यांची, नेम धरून. मग सगळ्यांना उभं करून ती हातात धरून हलवायला लावते. ऐंशीला टेकलेला माणूस हो तो! आमच्या माळ्यापर्यंत एकही आलं नाही. मैत्रीण जिन्यात एका आजोबांकडून मागून घेऊन आली.

आगाऊ कार्टं
निरोपाचा दौरा २०१३? मग तो २०१९ मध्ये एडनाला घेऊन ऑस्ट्रेलियात कसा काय उभा होता?

लंडनची पारू
'शेवटचे ५ प्रयोग' अशी जाहिरात आपल्या पेपरात कधी वाचली नाहीस का रे? :)

पाऊसवेडी
हाहाहा पारू!

मी काल यूट्यूबवर २०१३ च्या रॉयल व्हरायटीचा (राजघराण्यासमोर दरवर्षी होणारा करमणुकीचा कार्यक्रम) तुकडा पाहिला. चार्ल्स आणि कमिला बॉक्समध्ये बसलेत आणि मागून ही येऊन शेजारी बसते. जरा वेळाने कुणीतरी येऊन चिठ्ठी देतं, आणि ती त्यांना सांगून निघते की मला ह्याहून चांगली जागा मिळाली आहे. युवराजाला! चार्ल्स खळखळून हसतोय.

ते मुलाखतींचे कार्यक्रमही पाहिले. पाहुण्याच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावायची, म्हणजे तो कोण हे कुणाला कळत नसेल तर. आणि शेजारी ती मॅज, एडनाच्या लग्नातली न्यूझीलंडची करवली, एक शब्द न बोलता बसलेली. ती एमिली पेरी नावाची ऐंशीच्या घरातली अभिनेत्री. बोलायचं काही नाही आणि लक्ष मात्र सगळं तिच्याकडे.

रंगपट
मॅज हा लेखनाचा धडा आहे. एडनाला प्रेक्षकांशी गोड बोलावं लागतं, मग तिचा खरा स्वभाव कुणावर निघणार? म्हणून शेजारी एक मुकी बाई बसवली. तिसरी घंटा, तुमच्या सेक्रेटरीला कुणी मॅज आहे का?

यारातीर
लेखक म्हणून तो फार कमी ओळखला जातो, त्यावर थोडं. १९५९ मध्ये तो लंडनला गेला. 'ऑलिव्हर!' ह्या संगीत नाटकाच्या १९६० च्या मूळ संचात शवपेट्या करणारा सावरबेरी हाच, पुढे १९६७ मध्ये आणि परत १९९७ मध्ये चोर पोरांचा म्होरक्या फेगिन. त्याआधी इकडे १९५७ मध्ये बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' नाटकाचा ऑस्ट्रेलियातला पहिला प्रयोग झाला त्यात एस्ट्रागॉन. एडनाला मात्र लंडनने आधी विचारलंच नाही. इंग्रज विनोदी नट पीटर कुकच्या क्लबात १९६२ मध्ये ती सपशेल पडली.

मग १९६४ पासून 'प्रायव्हेट आय' ह्या लंडनच्या व्यंग्य नियतकालिकात बॅरी मॅकेन्झीची चित्रकथा. शब्द ह्याचे, चित्रं निकोलस गारलंडची. लंडनला आलेला एक अडाणी, बिअरबाज ऑस्ट्रेलियन पोरगा. त्याचं पुस्तक निघालं तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्यावर बंदी घातली, देशाची बदनामी आणि अश्लीलता! आणि १९७२ मध्ये त्याच पोराचा सिनेमा निघाला तो सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशातून. दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्डचा पहिला चित्रपट. टीकाकारांनी झोडपला, लोकांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्या भागात तर पंतप्रधानच काम करायला आले, ते वर लिहिलंच आहे. बंदीपासून पंतप्रधानांपर्यंत दहा वर्षंही लागली नाहीत.

आणि सर लेस पॅटरसन! डागाळलेला सूट, पुढे आलेले दात, हातात ग्लास, बोलताना पहिल्या रांगेवर तुषार. हुद्दा काय, तर ब्रिटनमधला ऑस्ट्रेलियाचा सांस्कृतिक दूत. सरकारी खर्चाने कला पोसणाऱ्यांवर एवढी जहरी थट्टा दुसरी नाही. १९७४ मध्ये हा आला.

वाचनखुणा
लेस पॅटरसनबद्दल एक गोष्ट राहिली. हम्फ्रीज साठच्या दशकात भयंकर पिणारा होता. १९६२ मध्ये कॉर्नवॉलला कड्यावरून घसरून पडला, हेलिकॉप्टरने काढावा लागला. १९७० मध्ये मेलबर्नला गटाराशी बेशुद्ध सापडला. त्यानंतर व्यसनमुक्ती, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून मरेपर्यंत थेंब नाही. म्हणजे दारुड्या लेस त्याने लिहिला आणि केला तो पूर्ण शुद्धीत, दारू सुटल्यावर. रोज रात्री रंगमंचावर जुन्या स्वतःला सूट घालून उभं करायचं. हे करायला काय लागत असेल!

निळा रावा
धागा छान चाललाय, पण एक गोष्ट सगळे टाळताहेत.

मेलबर्नच्या विनोद महोत्सवाचा मुख्य पुरस्कार ह्याच्या नावाने 'बॅरी' म्हणून ओळखला जायचा. २०१९ मध्ये ते नाव काढलं. कारण ट्रान्सजेंडर लोकांबद्दलची त्याची जाहीर विधानं. एक फॅशन आहे, अशा अर्थाचं तो बोलला होता. २०१७ चा 'बॅरी' ज्यांना मिळाला त्या विनोदी कलाकार हॅना गॅड्सबींनीही त्याच्यावर उघड टीका केली. ज्या माणसाने साठ वर्षं बायकी झगे घालून पोट भरलं, त्याने हे बोलावं? मला लागलं ते. मी त्या समाजातल्या मित्रमैत्रिणींबरोबर काम करते, 'तो जुन्या काळातला होता' हे ऐकून ऐकून कान किटलेत.

खडूसराव
निळा रावा, नाव काढणं मला नाही पटलं. १९८७ मध्ये तो महोत्सव सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला हाच आणि पीटर कुक होते. ज्याच्या खांद्यावर बसून मोठे झालात त्याची पाटी उतरवायची, आणि तो गेल्यावर श्रद्धांजली वाहायची. हा दुटप्पीपणा आहे.

निळा रावा
आधीच्या प्रतिसादात तुम्हीच त्याला मुजोर म्हणालात. आता तो पाटीवर हवा?

खडूसराव
हो. मुजोर होता आणि मोठा होता. दोन्ही पाटीवर मावतं.

रंगपट
हा वाद एडनाच्या आयुष्यात आधीही झालाय. २००३ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'मध्ये ती सल्ल्याचं सदर लिहायची. कुणीतरी विचारलं, स्पॅनिश शिकू का? तर तिने उत्तर दिलं की ती बोलणार कुणाशी, घरच्या नोकरमाणसांशी? त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मेक्सिकन अभिनेत्री सलमा हायेक! गदारोळ झाला, सलमाने खरमरीत पत्र लिहिलं, मासिकाने माफी मागितली. रंगमंचावर ती बाई दिसते, तिचा अडाणीपणा दिसतो, आणि आपण तिच्यावर हसतो. कागदावर चष्मा नाही, जांभळे केस नाहीत, उरतं फक्त वाक्य. ते वाक्य खरंच कुणीतरी म्हणत असतं.

पण निळा रावांचा मुद्दा वेगळा आहे, हे मान्य. ती विधानं एडनाची नव्हती, त्याची स्वतःची होती. तिथे पात्राच्या पदराआड लपता येत नाही.

निळा रावा
+१. मला एवढंच म्हणायचं होतं.

सुलभामावशी
भांडू नका रे. मला त्याच्या तरुणपणच्या खोड्या सांगा, कुणीतरी ट्रेनचं काहीतरी म्हणत होतं.

यारातीर
मावशी, घ्या. विद्यापीठात असताना त्याला 'दादा' चळवळीचं वेड होतं (आपला दादा नव्हे, कलेचे नियम मोडून टाकणारा युरोपातला). लोकलमध्ये बसायचं. एका स्टेशनवर मित्र खिडकीतून अर्धं ग्रेपफ्रूट देणार, पुढच्या स्टेशनवर दुसरा मित्र अंडी, त्याच्या पुढे तिसरा कॉफी. हा शांतपणे न्याहारी करतोय, कुणाकडे बघत नाही, काही बोलत नाही. डब्यातले लोक पेपरामागून बघताहेत.

दुसरी खोडी जेवताना वाचू नका. विमानात उलटीच्या पिशवीत आधीच गुपचूप रशियन सॅलड भरायचं. मग मोठ्याने ओकल्याचा आव आणायचा. आणि मग चमचा काढायचा.

सुलभामावशी
शी!! अरे काय हे. (सुनेला वाचून दाखवलं.)

आगाऊ कार्टं
मुंबई लोकलमध्ये खिडकीतून न्याहारी देण्याचा प्रयोग अंधेरी ते चर्चगेट करून पाहायला हवा. ग्रेपफ्रूट आत जाईल, हात बाहेर येणार नाही.

तिसरी घंटा
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आणि आता मूळ प्रश्नावर येतो.

यारातीर यांची बढती आणि रंगपट यांचा न हलणारा सँडी, दोन्ही डोक्यात ठेवून जुन्या ध्वनिफिती ऐकल्या. मला दिसलं ते असं. एडना प्रेक्षकाकडे बघत असते आणि सँडी कुणाकडेच बघत नाही. एडनाला समोरच्याची गरज आहे, म्हणून समोरचा बदलला की तिला बदलावं लागतं. त्या बेडरूमच्या रंगाचे प्रश्न ठरलेले आहेत, क्रमही ठरलेला, पण उत्तरं रोज नव्या बाईची. म्हणजे प्रयोगातला निम्मा मजकूर दर रात्री फुकट नवा मिळतो. सँडीला समोर कुणी नसलं तरी चालतं, तो बोलतच असणार. तो म्हातारा होतो, मरतो, एवढाच बदल, आणि त्याला तो पुरतो.

माझा सेक्रेटरी ह्या दोन्हींत बसत नाही, तिथेच घोळ आहे. तो लोकांशी बोलतो, पण त्यांचं ऐकत नाही. पाठ केलेली वाक्यं लोकांकडे बघून म्हणतो.

आणि अमेरिकेची गोष्ट कुणी लिहिली नाही. १९७७ मध्ये एडना न्यूयॉर्कला गेली आणि तिथल्या समीक्षकांनी तिला उभंच केलं नाही, प्रयोग गुंडाळावा लागला. परत गेली ती १९९९ मध्ये, थेट ब्रॉडवेला, आणि २००० मध्ये खास टोनी (तिकडचा रंगभूमीचा मोठा) पुरस्कार घेऊन आली. बावीस वर्षं! प्रश्न तेच, उलट मधल्या काळात अमेरिकेत टीव्हीवर सेलिब्रिटींचा सुळसुळाट झाला होता, म्हणजे आता तिची चेष्टा कुणाची आहे ते लोकांना कळत होतं. कधी कधी पात्राला नाही, प्रेक्षकाला तयार व्हायला वेळ लागतो. (२०१० मध्ये परत ब्रॉडवेला गेली आणि तो प्रयोग काही आठवड्यांत बंद पडला, तेही नोंदवतो, नाहीतर खडूसराव नोंदवतीलच.)

खडूसराव
टायपत होतो.

वाचनखुणा
तिसरी घंटा, 'ऐकत नाही' हे नेमकं. मग पुढच्या प्रयोगात सेक्रेटरीला पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा फ्लॅट नंबर विचारू द्या. थकबाकी विचारा. गळतीची तक्रार कधी केली ते विचारा.

तिसरी घंटा
तेच ठरवलंय. येत्या गणपतीत आमच्याच सोसायटीत करणार. खरा सेक्रेटरी पहिल्या रांगेत असतो, त्याचं काय करायचं ते सुचवा.

रंगपट
त्याला मॅज करा. वर खुर्चीत बसवा, बोलू देऊ नका.

आगाऊ कार्टं
कार्यकारिणीचे सदस्य वर्गणी काढून तिकीट घेतील ह्या प्रयोगाला.

सुलभामावशी
यारातीर, मी दिवाळीनंतर मुलाकडे मेलबर्नला येतेय. त्या एडनाचं गाव बघण्यासारखं आहे का काही, की नुसतंच नाव?

यारातीर
या मावशी. शहरातून ५९ नंबरची ट्राम पकडा, मूनी पाँड्स जंक्शनला उतरा. तिथे एव्हरेज स्ट्रीट नावाचा छोटासा रस्ता आहे, तिच्याच नावाचा. पाटीखाली फोटो काढायचा, दुसरं काही नाही. शहराच्या मध्यवस्तीतल्या एका बोळालाही २००७ मध्ये डेम एडना प्लेस नाव दिलंय. ट्रामला मायकी कार्ड लागतं, ते मुलाकडून घ्या. 

सुलभामावशी
लिहून घेतलं. जांभळा रंग मात्र इथूनच लावून येते, तिकडे महाग पडेल.